पाककृतीत ‘ओव्हन’ म्हणजे नेमके कोणते उपकरण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाककृतींचे सदर आमच्याकडे नियमाने वाचले जाते आणि त्यातले पदार्थ करूनही पाहिले जातात, म्हणूनच ही सूचना करीत आहे. सदरात साहित्याचे प्रमाण पाव चमच्यापर्यंत काटेकोर दिलेले असते. पदार्थाला आच कशी द्यायची हे मात्र ‘ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवा’ एवढ्यावर उरकलेले असते. आमच्या इंदुरात ओव्हन म्हटले की कोणी मायक्रोवेव्ह समजतो, कोणी ओटीजी (विजेच्या कांड्यांवर भाजणारी छोटी भट्टी), आणि ज्यांच्याकडे सुटीच्या दिवशी दाल-बाफल्यांचा (डाळ आणि कणकेचे शेकलेले गोळे) बेत ठरलेला असतो त्यांच्या घरी गॅसवर ठेवायच्या, आत जाळी असलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यालाही ओव्हनच म्हणतात.

या तिन्हींचे काम अगदी निराळ्या रीतीने चालते. मायक्रोवेव्हमधील लहरी, ज्यांची वारंवारता साधारण २४५० मेगाहर्ट्झ असते, प्रामुख्याने पदार्थातल्या पाण्याला तापवतात, आणि जोवर पदार्थात ओल आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. कणकेला किंवा मैद्याला तांबूस रंग आणि खरपूस वास येण्यासाठी पृष्ठभाग सुमारे १४० अंशांच्या पुढे तापावा लागतो. ओटीजीमध्ये तापलेल्या कांड्यांमुळे ते साधते, नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये साधत नाही. बाफला आधी पाण्यात उकडून मग शेकतात. त्यातली उकडण्याची पायरी मायक्रोवेव्हमध्ये एक वेळ जमेल, पण शेकण्याची पायरी तिथे केली तर वरून पांढरा आणि आतून चिवट गोळा हाती येईल. पापडासारख्या कोरड्या पदार्थाचे गणित वेगळे. तो तिथे छान भाजला जातो. शेंगदाणेही भाजता येतात, मात्र मधूनमधून हलवले नाहीत तर दाणा बाहेरून कच्चा दिसतो आणि फोडल्यावर आतून करपलेला निघतो. शिवाय ८०० वॅटच्या यंत्रातली पाच मिनिटे आणि १००० वॅटच्या यंत्रातली पाच मिनिटे सारखी नसतात, तेव्हा वेळेबरोबर वॅटही छापायला हवेत. पंखा आणि कांडी असलेल्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये केक करायचा असेल तर पाककृतीत ‘कन्व्हेक्शनवर, १८० अंशांना’ असे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण त्या पद्धतीत केकचे पत्र्याचे भांडे चालते आणि तेच भांडे नुसत्या मायक्रोवेव्हवर ठेवले तर ठिणग्या उडू शकतात.

इंडक्शनबाबतही हेच. ‘मंद आचेवर खीर आटवा’ हे वाक्य गॅससाठी पुरेसे आहे. पुष्कळशा साध्या इंडक्शन शेगड्यांवर मात्र मंद आच म्हणजे थोडा वेळ जोरात तापणे आणि थोडा वेळ बंद राहणे. शेगडी गप्प झाली म्हणून पाठ फिरवावी, तर पुढच्या फेरीत दूध उतू गेलेले असते किंवा बुडाला लागलेले असते. जुनी कल्हईची पितळी पातेली आणि ॲल्युमिनियमच्या कढया या शेगडीवर तापतच नाहीत, कारण तिथे उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते आणि त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटावे लागते. भांडे कोणते घ्यावे याचा उल्लेख आपल्या सदरात क्वचितच आढळतो.

कुकरच्या शिट्ट्यांविषयी माझे मत जरा कडक आहे. ‘तीन शिट्ट्या करा’ हे माप म्हणून फारच ढिले आहे. मोठ्या आचेवर किंवा इंडक्शनवर शिट्ट्या भराभर होतात आणि हरभऱ्याची डाळ दाताखाली कचकचते. तीच डाळ पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ठेवली तर एकही जादा शिट्टी न होता मऊ होते. आतले पाणी सुमारे १२० अंशांवर किती वेळ राहिले, हे महत्त्वाचे. शिट्टी म्हणजे फक्त वाढलेल्या वाफेची वाट. तेव्हा ‘पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर इतकी मिनिटे’ असेच छापावे.

या उपकरणांना नवी मराठी नावे घडवावीत असे मी मुळीच म्हणत नाही. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, एअर फ्रायर हे शब्द घरात रुळले आहेत. माझा आग्रह क्रियापदांबद्दल आहे. भाजणे, शेकणे, परतणे, उकडणे, वाफवणे, आटवणे, कढवणे हे प्रत्येक वेगळे काम आहे आणि त्या सगळ्यांच्या जागी ‘कुक करा’ किंवा ‘गरम करा’ लिहिल्याने वाचणाऱ्याचा पदार्थ बिघडतो. कांदेपोहे फोडणीत परतून झाकण ठेवून एक वाफ आणतात. आमच्या इथल्या दुकानांतले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेतच ठेवलेले असतात, म्हणून ते तासाभरानेही मऊ राहतात. दोन्ही ठिकाणी वाफच आहे, पण कृती एक नाही, आणि ‘इंदुरी पोहे’ या मथळ्याखाली कांदेपोह्यांची कृती छापणे बरोबर नाही.

दिवाळीचे फराळ विशेष पान निघेल तेव्हा ‘तेलाविना तळलेले’ असा मथळा कृपया टाळावा. एअर फ्रायर हा वेगाने गरम हवा फिरवणारा लहान ओव्हन आहे. त्यात पदार्थ भाजला जातो, तळला जात नाही. चकलीला तेलाचा हात लावून तिथे काही प्रमाणात खुसखुशीतपणा आणता येईल, परंतु अनारसा न उलटता, त्यावर झाऱ्याने गरम तूप उडवत तळतात आणि त्याची जाळी त्या तुपातच पडते. त्यामुळे अशा पानावर प्रत्येक कृतीच्या सुरुवातीला, साहित्याच्याही आधी, उपकरण, भांडे आणि आच यांचा एका ओळीत उल्लेख करावा, अशी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर