जमाखर्चाची वही घेऊन जा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पिट्सबर्गमधल्या एका छोट्या कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेला तिकीटविक्री आणि जमाखर्च सांभाळायला माणसं हवी आहेत, आणि तू विचारतेस, "बाबा, मी कॉमर्सची मुलगी, शिवाय तिथे परकी. मी जाऊन काय करू?" जा, एवढं फोनवरही सांगता आलं असतं. का जायचं, ते मात्र नीट लिहूनच सांगावंसं वाटलं.

तू ज्या गावात शिकतेस तिथेच, हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १९४५ साली नाटककार ऑगस्ट विल्सन जन्मला. नेपोलियनवरचा निबंध याने स्वतः लिहिलाय यावर शिक्षकाचा विश्वास बसला नाही, म्हणून पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि तो कार्नेगी लायब्ररीत जाऊन वाचत बसू लागला. १९६८ मध्ये त्याने रॉब पेनीबरोबर ‘ब्लॅक होरायझन्स’ हे थिएटर काढलं. पुढे विसाव्या शतकाच्या एकेका दशकावर एक अशी दहा नाटकं लिहिली. त्यातली नऊ हिल डिस्ट्रिक्टमध्येच घडतात. कचरा उचलणारे, विनापरवाना टॅक्सी चालवणारे, खाणावळीत तासन्‌तास बसणारे लोक त्यात आहेत. १९५०च्या दशकात याच वस्तीचा खालचा भाग स्टेडियमसाठी पाडला आणि आठ हजारांहून जास्त माणसं उठवली गेली. त्याच्या ‘टू ट्रेन्स रनिंग’मध्ये खाणावळीचा मालक मेम्फिस शेवटपर्यंत अडून राहतो: महापालिकेला माझी इमारत हवी असेल, तर मी मागतो ती किंमत द्या. हे नाटक जरूर वाच. जागेचा आणि पैशाचा प्रश्न विल्सनला कधी नाटकाबाहेरचा वाटला नाही.

म्हणून १९९६ साली प्रिन्स्टनला रंगकर्मींसमोर उभा राहून तो आकड्यांतच बोलला. अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक थिएटरांच्या संघटनेत ६६ संस्था होत्या, त्यात कृष्णवर्णीयांची एक. ती एक म्हणजे न्यू जर्सीतलं ‘क्रॉसरोड्स’. १९९९ मध्ये तिला टोनी, म्हणजे अमेरिकेतला नाटकाचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला आणि पुढच्याच वर्षी कर्जापायी काम थांबवावं लागलं. नंतर ती पुन्हा उभी राहिली, पण सायली, हा क्रम लक्षात ठेव. टोनीने कर्ज फिटत नाही. पिट्सबर्गच्या त्या संस्थेला तुझ्यासारखीची गरज का आहे, ते यातच आलं.

ही ओढाताण फार जुनी आहे. १८२१ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम ब्राऊन नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने आधी घरामागच्या बागेत बैठक सुरू केली, कारण शहरातल्या बागांमध्ये त्याच्या लोकांना प्रवेश नव्हता. त्यातून ‘आफ्रिकन ग्रोव्ह’ थिएटर उभं राहिलं. तिथे ‘रिचर्ड तिसरा’ झालं. गोऱ्यांच्या मोठ्या थिएटरजवळ त्याने प्रयोग लावले, तेव्हा पोलिसांनी चालू प्रयोगातून नटांना उचललं. काही वर्षांतच थिएटर बंद पडलं. ब्राऊनने सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या उठावावर ‘किंग शॉटअवे’ हे नाटक लिहिलं होतं. त्याची संहिता आज कुठेही नाही. पुढे युरोपभर ऑथेल्लो गाजवणारा आयरा ऑल्ड्रिज याच मंडळींच्या काळातला. तो १८६७ मध्ये पोलंडमधल्या वूजला वारला, तिथेच पुरला गेला. स्वतःच्या देशात, अमेरिकेत, त्याला रंगमंच मिळाला नाही, हे मला आजही टोचतं.

ब्राझीलच्या अब्दियास दो नासिमेंतो या कृष्णवर्णीय रंगकर्मीने पेरूतल्या लिमा शहरात एक नाटक पाहिलं. कृष्णवर्णीय नायकाची भूमिका तोंडाला काळं फासलेला गोरा नट करत होता. परतल्यावर १९४४ मध्ये त्याने रिओमध्ये स्वतःची नाट्यसंस्था स्थापली. घरकाम करणाऱ्या बायका, मजूर यांना तिथे आधी अक्षरओळख, मग अभिनय. आणि ८ मे १९४५ला, युरोपातलं युद्ध संपलं त्या दिवशी, तेच नाटक त्यांनी रिओच्या म्युनिसिपल थिएटरात स्वतः केलं. हा प्रसंग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

टिकण्याचा सगळ्यात भक्कम धडा मात्र मला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये दिसतो. बार्बरा अ‍ॅन टीअरने १९६८ मध्ये ‘नॅशनल ब्लॅक थिएटर’ काढलं आणि १९८३ मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर संस्थेसाठी इमारत विकत घेतली. टीअर २००८ मध्ये वारली, तिच्या लेकीने संस्था पुढे चालवली. लंडनच्या ‘तालावा’ या कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेला १९९०च्या दशकात काही वर्षं स्वतःचं नाट्यगृह मिळालं आणि सुटलं, तरी १९८६ पासूनचं काम त्यांनी थांबवलं नाही. तुझ्याच गावातलं विल्सनच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र २००९ मध्ये उघडलं, कर्जात बुडालं आणि लिलावाच्या तोंडावरून शहरातल्या प्रतिष्ठानांनी २०१४ मध्ये वाचवलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी आम्ही शाळेच्या वर्गात करायचो. शिपाई कुलूप लावायला आला की तालीम संपली. जागा दुसऱ्याची असली की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

आता ‘परकी’चं. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच जोतिरावांचं १८५५ चं नाटक, ‘तृतीय रत्न’, दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं होतं. संहिता राहिली म्हणून आज आपण ते वाचतो. ब्राऊनच्या नशिबी तेवढंही नव्हतं. हा वारसा घेऊन तू त्या दारात उभी राहिलीस तर अगदीच अनोळखी नाहीस. तरी घर त्यांचं आहे. १९२६ मध्ये ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताने सांगून ठेवलंय: नाटक आमच्याबद्दल, आम्ही लिहिलेलं, आमच्यासाठी आणि आमच्या वस्तीजवळ. कोणतं नाटक करायचं, कोणाला घ्यायचं, यात तू पडू नकोस.

तुझं काम वेगळं. देणग्या, अनुदान आणि तिकिटांचे पैसे यांचे हिशेब वेगवेगळे ठेव. जागेचा भाडेकरार कधी संपतो ते पहिल्याच आठवड्यात विचार. आलेल्या प्रेक्षकांची यादी करायला लाग, पुढच्या प्रयोगाला त्यांनाच आधी कळवता येईल. जुन्या संहिता, जाहिराती, फोटो कुठल्या खोक्यात पडलेत ते बघ आणि परवानगी घेऊन स्कॅन कर. फुकट पास घेऊ नकोस, स्वतःचं तिकीट काढ. कमी पडले तर मी पाठवतो.

पहिला प्रयोग बघून आलीस की सविस्तर लिही. नाटक कसं झालं ते लिहीच, पण किती खुर्च्या भरल्या आणि एका रात्रीचं भाडं किती पडतं, तेही.

तुझे,
बाबा