साबणाबद्दल तक्रार नाही, जाहिरातीबद्दल आहे

8 सप्टेंबर 2025
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: आपल्या आंघोळीच्या साबणाची आमच्या किनाऱ्यावर चित्रित केलेली जाहिरात आणि मालवणात लागलेला फलक मागे घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

सुरुवातीलाच सांगते, तुमच्या साबणात खोट नाही. वास मंद आहे, आमच्या विहिरीच्या किंचित मचूळ पाण्यातही फेस धरतो. गेली 22 वर्षं आमच्या घरात तोच आहे, आणि पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्यापासून महिन्याला दोन डझन वड्या मी बाजारातून उचलते. 125 ग्रॅमची वडी 100 ग्रॅमची झाली आणि किंमत जागच्या जागी राहिली, तेव्हाही मी पत्र लिहिलं नाही. नवऱ्यापाशी कुरकुरले आणि गप्प बसले.

या वेळी आधी फोन केला होता. तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने विचारलं, वासाची तक्रार आहे, फेसाची आहे की वडी तुटकी निघाली? मी म्हटलं, तुमच्या जाहिरातीत माझी जाऊ आहे, तिची तक्रार आहे. ती बिचारी थोडा वेळ थांबली आणि तिने 'इतर' या सदरात नोंद केली. आठ दिवसांनी दोन वड्या मोफत आल्या आणि तक्रारीचं निवारण झाल्याचा मेसेज आला. निवारण झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुमची माणसं आमच्या वाडीत चित्रीकरणाला आली. कपडे बदलायला आणि रंगरंगोटीला आमची पडवी भाड्याने घेतली. चहा, आंबोळ्या, दुपारचं जेवण माझ्याकडेच होतं, त्यामुळे जे लिहिते आहे ते ऐकीव नाही. 'कोकणच्या कष्टकरी बायकांवर जाहिरात आहे' असं सांगून त्यांनी वाडीतल्या सहा जणींना बोलावलं. त्यात माझी धाकटी जाऊ होती. ती मासे विकते. पहाटे बंदरावर लिलावाला, मग बाजारात दुपारपर्यंत विळीवर सुरमईच्या तुकड्या पाडत बसते. वाडीत तिच्याइतकी हसणारी बाई दुसरी नाही.

तुमच्या मेकअपवाल्याने तिला खुर्चीत बसवलं आणि डबा उघडला. मला वाटलं, पावडर-लाली असेल. डब्यात तपकिरीपासून काजळीपर्यंत सात-आठ रंग होते. त्यातला शेवटून दुसरा त्याने स्पंजावर घेतला आणि तिच्या कपाळापासून मानेपर्यंत, मग दोन्ही हातांना कोपराच्या वरपर्यंत फासला. जाऊ मुळात सावळी आहे. तुमच्या दिग्दर्शकाला ती पुरेशी सावळी वाटली नसावी. आरशात बघून ती म्हणाली, "वयनी, माका माझाच तोंड वळखूक येईना." आणि हसायला लागली. आम्ही सगळ्याच हसलो. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली, हे मी लपवत नाही.

पुढे किनाऱ्यावर तिच्या डोक्यावर पाटी दिली. पाटीत पापलेटं, तीही मुंबईहून बर्फातून आणलेली. मालवणात मुंबईची मासळी! म्हणून ती पुन्हा हसली. दिग्दर्शक ओरडला, "मावशी, हसायचं नाही. दमलेल्या दिसा, दुःखी दिसा." तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तिच्या ओठांच्या कडा हलल्या. शेवटी तिला दुपारी दीड वाजता अनवाणी वाळूत उभं केलं, तेव्हा कुठे त्यांना हवा तसा चेहरा मिळाला.

संध्याकाळी रंग उतरवायला तुमच्याच साबणाची नवी वडी दिली. आमच्या विहिरीवर तिने हात घासले तर बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. तिसऱ्या बादलीला पाणी स्वच्छ आलं आणि खाली जाऊबाईचा स्वतःचा रंग जसाच्या तसा होता. तुमच्या साबणाने अंगावरून काळा रंग गेलेला मी एकदाच पाहिला, आणि तो तुम्हीच फासलेला होता.

जाहिरात ऑगस्टमध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर टीव्हीवर आली. ती तुमच्याकडे असेलच, पण आमच्या घरात ती कशी दिसली ते सांगते. पहिल्या दृश्यात जाऊ, पाटी घेऊन, तो दीड वाजताचा चेहरा. लिलावाला जमलेले पुरुष तिच्या अंगावरून पलीकडे बघतात. मग नारळाच्या झापांमागे पाणी, फेस, तुमची वडी. झापं बाजूला होतात आणि बाहेर येते मुंबईहून आणलेली मुलगी. तेच लुगडं, तीच पाटी, बाई दुसरी. पाटीतली मासळी मात्र गायब, तिथे आता सोनचाफा. बघायला आलेले पाहुणे तिला बघून एकमेकांकडे मान डोलावतात. म्हणजे साबणाने नुसता रंग बदलला नाही. नाक बदललं, उंची चार बोटं वाढली, वीस वर्षं वय उतरलं आणि धंदाही सुटला.

आणि जाहिरातीतला तो होडीवरचा तरुण? त्याला तर तेल चोळून आणखी काळा चकचकीत केला होता, मी स्वतः बघितलं. त्याला कोणी आंघोळीला पाठवलं नाही. उन्हाने रापलेला खलाशी तुमच्या जाहिरातीत रांगडा, मर्दानी. त्याच उन्हात रापलेली बाई बिचारी.

आता घरातलं सांगते, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे. जावेची मुलगी अकरावीत आहे. आईच्या वळणावर गेली आहे, रंगानेही आणि हसण्यानेही. मालवणात एसटी स्टँडकडे जाताना तुमचा फलक लागला आहे, डाव्या अर्ध्यात जाऊ आणि उजव्या अर्ध्यात ती मुंबईची. कॉलेजला जाणारी मुलं रोज त्याखालूनच जातात. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिला विचारलं, तू अजून डाव्या बाजूलाच काय? तिने घरी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते साबणाच्या हिशेबावरून. एक वडी आमच्या न्हाणीघरात तीन आठवडे पुरते, ती आठ दिवसांत संपायला लागली. मला वाटलं, पाहुणे नेतात. मग एका सकाळी तिच्या कोपरांवर आणि मानेच्या मागे साल निघालेलं दिसलं, लाल, ओलसर. नारळाच्या काथ्याने घासत होती. भांडी घासायचा काथ्या. मी हात धरला तर म्हणाली, "काकी, टीव्हीत आईचा गेला ना रंग."

सुट्टीच्या दिवशी ती आईसोबत बाजारात बसायची, तीन आठवडे झाले, बसत नाही. चतुर्थीचं सामान आणायला गेली ती उन्हात डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत बांधून.

हे सगळं तुमच्या एका जाहिरातीने घडवलं असं म्हटलं तर मी खोटी ठरेन. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी माहितीपत्रात 'निमगोरी' लिहिलं होतं, ते काही तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे. आमच्याकडे सावळ्या मुलीचं कौतुकसुद्धा 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असं त्या 'पण'ला धरूनच होतं. याच पोरीला ती सहा वर्षांची असताना 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' हे मीच म्हटलं आहे. विठोबाचा दाखलाही देणार नाही. तो सगळेच देतात आणि सून गोरीच शोधतात. आमच्या घरात हे पूर्वीपासून शिजत होतं. तुम्ही खाली जाळ घातलात आणि वर आमच्याच माणसाचं तोंड लावलंत.

तुम्ही म्हणाल, आम्ही 'गोरी' शब्द वापरलाच नाही, 'तेज' म्हटलं. शब्द बदलायची ही युक्ती आता जुनी झाली. 1975 सालची 'फेअर अँड लव्हली' 2020 मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली, ते आमच्या वाडीतल्या बायकांनाही ठाऊक आहे, आणि कोणीही दुकानात जाऊन नव्या नावाने काही वेगळं मागितलं नाही. तेज चेहऱ्यावर असतं म्हणता, तर जावेच्या हसण्यात ते होतं. तेच तुम्ही तीन वेळा पुसायला लावलंत.

जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी 2014 मध्येच नियम घालून दिले आहेत. सावळी व्यक्ती दुःखी, निराश, अनाकर्षक दाखवू नये. वापरापूर्वीच्या दृश्यात चेहऱ्यावरच्या भावाची विशेष काळजी घ्यावी. लग्न किंवा नोकरीत ती मागे पडते असं दाखवू नये. आणि त्वचेचा रंग कुठल्याही जातीशी, समाजाशी वा व्यवसायाशी जोडू नये. माझ्या भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, तुमच्या दिग्दर्शकाने ही यादी समोर ठेवूनच एकेक कलम मोडलं की काय. आमचा नुसता साबण आहे, उजळवणारं उत्पादन नाही, असं तुम्ही म्हणणार असाल तर मग जाहिरातीत उजळलं कोण?

शिवाय दोन वेगळ्या बायका 'आधी' आणि 'नंतर' म्हणून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, आणि जिल्ह्याचं ठिकाण ओरोस आमच्यापासून फार लांब नाही. फोनच करायचा तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहे.

मला दंडातला रुपया नको. जावेला 700 रुपये आणि वडापाव मिळाला होता, त्याचाही हिशेब मी मागत नाही. मालवणातला फलक आठ दिवसांत उतरवा. जावेचं चित्र असलेली जाहिरात टीव्हीवरून आणि मोबाइलवरून काढा. तिला काळं फासून 'आधी' म्हणून दाखवणार, हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं, आणि ज्या कागदावर सही घेतलीत तो इंग्रजीत होता. त्याची प्रत तिला द्या, मराठीत. या पत्राचं उत्तर 30 दिवसांत लेखी हवं, मेसेज नको.

जाता जाता एक धंद्याची गोष्ट, फुकट सांगते. दिवसभर मासे कापलेल्या हाताचा उग्र वास तुमच्या साबणाने दोनदा धुतल्यावर जातो. बाजारातल्या निम्म्या बायका तो त्यासाठीच घेतात. वास्को-पणजीपासून हर्णैपर्यंत मासळीबाजारात बसणाऱ्या किती बायका आहेत ते मोजा. त्यांना तुम्ही एवढंच खरं सांगितलं असतं, आणि जाऊबाईला हसू दिलं असतं, तरी साबण खपला असता.

आपली 22 वर्षांची गिऱ्हाईक
(नाव आणि पूर्ण पत्ता पाकिटावर आहे)

ता. क. तुम्ही पाठवलेल्या दोन वड्या सोबत परत पाठवत आहे. एकीचं वेष्टन पुतणीने फोडलं होतं, म्हणून ती दोऱ्याने बांधली आहे. वापरलेली नाही. दोन्ही पोचल्याची पावती द्यावी.