नुसते ‘कोलायटिस’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात आव पडण्याला कुणी आजारच धरत नाही. कुड्याची साल उगाळून घेतात, नाहीतर दुकानातून मेट्रोनिडाझोलची पट्टी आणतात. बहुतेकांचे त्यावर निभावतेही. पण महिना-दीड महिना उलटूनही रक्त आणि शेंबूड पडतच असेल, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, वजन उतरत असेल, तर ती साधी आव किंवा मूळव्याध असे धरून चालू नये. तिथे दुर्बीण घालून मोठे आतडे पाहायलाच हवे.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रिपोर्टवर ‘कोलायटिस’ एवढाच शब्द येतो आणि रुग्ण तो वर्षानुवर्षे फायलीत घेऊन हिंडतो. कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला सूज. ती कशाची, हे त्यात कुठेच नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या सुजेचे मुख्य आजार दोन: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये चांगला भाग सोडून होतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो. म्हणून त्यात आतडे अरुंद होते, भगंदर होते. काहींच्या बाबतीत दोन्हींतला फरक सुरुवातीला ठरतच नाही. तेव्हा ‘प्रकार अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे, अंदाजाने शिक्का मारू नये.

अल्सरेटिव्ह कोलायटिस कुठवर पोहोचला हेही लिहिलेच पाहिजे. २००५ च्या माँट्रियल वर्गीकरणात त्याच्या तीन पायऱ्या आहेत: ई-१ फक्त गुदाशय, ई-२ डावीकडे प्लीहेजवळच्या वळणापर्यंत, ई-३ त्याच्याही पुढे. ई-१ च्या सौम्य आजारात रात्री मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या औषधाची एक ग्रॅमची गुदवर्ती (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) बऱ्याचदा पुरते. ई-३ ला पोटातून गोळ्या लागतात. शिवाय ई-२, ई-३ मध्ये आठ वर्षांनंतर कॅन्सरसाठी दुर्बिणीने पाहत राहावे लागते. हा आकडा कागदावर नसेल तर पुढचा डॉक्टर ठरवणार कशावर?

निदान चुकते ते बहुधा साध्या गोष्टींत. दुर्बिणीआधी पंधरा दिवस औषधी एनिमा किंवा गुदवर्ती चालू असेल तर गुदाशय बरा झालेला दिसतो आणि ‘गुदाशय वाचला, म्हणजे क्रोन्स’ असा निष्कर्ष निघतो. गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही लहान आतड्याच्या शेवटाला क्रोन्ससारखे व्रण पडतात, म्हणून त्या गोळ्यांची चौकशी आधी करावी. तपासणीसाठी आतड्याचे तुकडेही (बायोप्सी) दोनच घेऊन चालत नाही. लहान आतड्याच्या शेवटापासून गुदाशयापर्यंत निदान पाच ठिकाणांहून प्रत्येकी दोन घ्यावेत, चांगल्या दिसणाऱ्या जागेचेही, आणि प्रत्येक जागेची फॉर्मॅलिनची बाटली वेगळी, जागेचे नाव लिहिलेली. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले की सूज सलग होती की तुटक, हे पॅथॉलॉजिस्टला कळायचा मार्गच बंद होतो.

आपल्याकडे आणखी एक मोठा पेच आहे, आतड्याचा क्षयरोग. तोही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यालाच बसतो, क्रोन्ससारखाच दिसतो. आडवे व्रण आणि त्या सांध्यावरची उघडी पडलेली झडप क्षयाकडे बोट दाखवते, उभे लांब व्रण क्रोन्सकडे. पण खात्री नेहमी होत नाही. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर क्षय पसरतो. उलट क्रोन्सला सहा महिने क्षयाच्या गोळ्या देत बसलो तर तेवढ्यात आतडे आवळते. म्हणून शंका असताना क्षयाचे औषध सुरू केले, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहावे. रुग्ण ‘बरे वाटते’ म्हणतो एवढ्यावर विसंबू नये; क्रोन्सच्या रुग्णालाही काही दिवस बरे वाटते. आव करणाऱ्या अमिबा या जंतूचे तेच: स्टेरॉइडआधी ताज्या शौचाची तपासणी हवीच, आणि नमुना अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. गावाहून डबीत दुपारपर्यंत आणलेल्या नमुन्यात हलणारा अमिबा सापडत नाही.

गोव्यातल्या बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला मोठ्या इस्पितळात जाणाऱ्या रुग्णांनी नुसता रिपोर्ट नेऊ नये. दुर्बिणीचे फोटो, पॅथॉलॉजीच्या काचा आणि तुकडे ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. तुकडे पुन्हा न काढता तेच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

— एक पोटविकारतज्ज्ञ, चिपळूण