नळाला थेट जोडलेली मोटार काय काय ओढते

महोदय,

पाणी सुटण्याची वेळ झाली की आमच्या गल्लीत एकामागून एक मोटारी सुरू होतात आणि शेवटच्या घरातल्या आम्हाला रिकामी बादली उचलून ठेवावी लागते. याविषयीची तक्रार बहुधा ‘पाणीचोरी’ या शब्दापाशी थांबते. मला त्याहून गंभीर गोष्ट मांडायची आहे.

मागच्या आठवड्यात आमची तोटी उघडी असताना शेजारची मोटार लागली. धार बारीक होत थांबली आणि तोटीला लावलेला तळहात आत ओढला जाऊन तिला चिकटला. तोटीची रबरी नळी भरल्या बादलीत बुडालेली असती, तर बादलीतले पाणी उलटे नळात गेले असते. म्हणजे त्या क्षणी जमिनीखालच्या वाहिनीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला होता. एरवी गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. दाब असा उतरला की त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत येते, आणि आमच्या वाहिनीला लागूनच गटार वाहते. ही घाण मोटारवाल्याच्या टाकीत जातेच, पण वाहिनी एकच असल्याने इतरांच्या माठातही उतरते. कावीळ आणि विषमज्वर याच वाटेने घरात शिरतात.

मोटार लावणाऱ्या प्रत्येकाला मी दोष देणार नाही. केंद्राच्या १९९९च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत नुसत्या तळमजल्यासाठी ७ मीटर, वर एक मजला असल्यास १२ आणि दोन असल्यास १७ मीटर दाब, म्हणजे पाणी तितक्या उंचीपर्यंत चढेल इतका जोर, अपेक्षित धरला आहे. तो मिळत नाही म्हणून एक जण मोटार लावतो, त्यामुळे दाब आणखी उतरतो आणि शेजाऱ्यालाही मोटार घ्यावी लागते.

नळाचे पाणी आधी जमिनीतल्या हौदात वरून पडू द्यावे आणि मोटार त्या हौदाला जोडावी. मध्ये हवेची मोकळी जागा राहिली की मोटारीची ओढ वाहिनीपर्यंत पोहोचतच नाही. नगरपालिकेने मोटारी जरूर जप्त कराव्यात, पण त्याआधी गल्लीच्या टोकाला दाबमापक लावून रोजच्या नोंदी जाहीर कराव्यात. शिवाय नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरले आहे का, हे पाहण्यासाठीचा नमुना जलकुंभाजवळ न घेता शेवटच्या घराच्या नळातून, आणि तोही मोटारी चालू असताना, घ्यावा.

आपली नम्र,
एक वाचक