मंत्रिमहोदय, आमच्या मुलांना गेटच्या आत कधी घेणार?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील भूमिपुत्रांना दिलेल्या नोकऱ्यांच्या शब्दाबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत डेटा सेंटरच्या भूमिपूजनाला आपण आला होतात. "इथल्या नोकऱ्यांवर पहिला हक्क भूमिपुत्रांचा," असं आपण माईकवरून सांगितलंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या शब्दाच्या भरवशावर गेल्या रविवारी माझा धाकटा मुलगा आपल्याच फोटोच्या कमानीखालून रोजगार मेळाव्यात गेला. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेला, अप्रेंटिसशिप पुरी केलेला पोरगा. टेबलावरच्या माणसानं त्याची फाइल उघडलीसुद्धा नाही. "बाईक आहे का?" एवढंच विचारलं. बाईक असेल तर डिलिव्हरी, नसेल तर गोदामात पॅकिंग, आणि उंची बरी असेल तर सिक्युरिटी. पोराची उंची बरी आहे. आमचंच नशीब.

सिक्युरिटीचं त्याला नवल नाही, कारण त्याचा थोरला भाऊ तेच करतो. मी ज्या कंपनीत ऑपरेटर होतो ती मोडून तिथं काचेची इमारत उभी राहिली, तिच्या गेटवर. मी ज्या गेटमधून कायम कामगार म्हणून आत जायचो, त्या गेटवर माझा मुलगा बाहेरच्या बाजूला उभा असतो.

त्याची पगाराची पावती माझ्यासमोर आहे. आपल्याकडे अशा पावत्या येत नसतील म्हणून वाचून दाखवतो. हजेरी आठ तासांची, उभं राहणं बारा तासांचं. वरच्या चार तासांना ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्यानं लागतो. इथं त्याला "भत्ता" म्हणून गोळाबेरीज रक्कम आहे, आणि ती साध्या दरालाही पुरत नाही. पीएफ दोनदा कापलेला, म्हणजे मालकानं भरायचा हिस्साही पोराच्याच पगारातून. युनिफॉर्मचे पैसे दर सहा महिन्यांनी, कपडे मात्र तेच. आणि खाली एक रकाना आहे, "इतर कपात". ही इतर म्हणजे कोणती, हे विचारणाऱ्याची बदली उरणला होते.

महोदय, याच महाराष्ट्रानं १९६९ मध्ये हमालांसाठी माथाडी कायदा केला आणि १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांचा. मंडळ केलं. रक्षकाची नोंद मंडळात, पगार मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी मंडळात. देशात असं कुठं नव्हतं, असं आम्हाला युनियनच्या शिबिरात अभिमानानं सांगायचे. त्याच कायद्यात एजन्सींना मंडळातून सूट द्यायची खिडकीही ठेवलेली आहे. आता दरवाजा बंद आणि खिडकीतूनच सगळी वर्दळ, असा कारभार आहे. माथाडी कायद्याच्या जोरावर वाशीच्या बाजारात घाम गाळून माणसांनी कोपरखैरण्यात घरं घेतली, पोरं शिकवली. माझा मुलगा काचेच्या इमारतीपुढे उभा राहून भाड्याची खोलीही बदलू शकत नाही. मुलीकडची माणसं येतात, चहा पितात, "मुलगा डेटा सेंटरला आहे" ऐकून खूश होतात. मग "म्हणजे नेमकं काय करतो?" असं विचारतात. त्यांचा पुढचा फोन येत नाही.

आपले सल्लागार म्हणतील की काळ बदलला, कारखाने गेले, सेवा क्षेत्र आलं. काळ बदलताना आम्ही इथंच होतो. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी, म्हणजे सरकारचं औद्योगिक महामंडळ, झाली, वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत. त्याच दशकात दिघ्यापासून खाली शिरवण्यापर्यंत कारखान्यांची ओळ लागली. आमची भातशेती त्यात गेली, उरलेली पुढे शहरासाठी गेली. माझ्या वडिलांच्या हातात काय पडलं ते लिहीत नाही, लाज मला वाटेल, आपल्याला नाही. पण जमिनीच्या बदल्यात एक गोष्ट खरी मिळाली होती : कंपनीची नोकरी. सातच्या भोंग्याला आख्खं गाव हलायचं. दहावी नापास पोरगा हेल्पर म्हणून लागायचा आणि हातात कसब आलं की ऑपरेटर व्हायचा. कँटीन, बोनस, ईएसआय, पोरांच्या वह्यांना युनियनची मदत. वास यायचा, खोकला यायचा, तेही खरं. पण त्या खोकल्यासोबत पगार येत होता.

मग एकेक कंपनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, देऊन मोकळी झाली. माल विकण्यापेक्षा जागा विकण्यात पैसा जास्त, हे मालकांना आमच्या आधी कळलं. ठाण्यात रेमंडची गिरणी बंद झाली आणि त्याच आवारात रेमंड घरं विकू लागली. पोखरण रोडवरची ग्लॅक्सोची ६० एकर जागा ५५५ कोटींना बिल्डरकडे गेली. आमच्याकडे नोसिल या रसायन कंपनीचं नाव आता नाक्याला उरलंय. रिक्षावाल्या पोराला विचारा नोसिल काय होतं, त्याला वाटतं आडनाव असेल. या जागा शेतकऱ्यांकडून "सार्वजनिक हितासाठी उद्योग" म्हणून घेतल्या होत्या. उद्योग संपल्यावर हित कुणाकडे गेलं, याचा हिशेब एकाही सरकारनं मागितला नाही. आपल्या पक्षानं नाही, समोरच्यानंही नाही. आणि आता कोण कुठल्या पक्षात आहे हे सकाळचा पेपर उघडल्याशिवाय सांगवत नाही.

माझा डेटा सेंटरला विरोध नाही, हे ठळक अक्षरात वाचा. आत आहे काय? संगणकांची कपाटं, आणि ती गार ठेवायला चिलर, वीज जाऊ नये म्हणून बॅटऱ्या, जनरेटर, शेकडो सेन्सर आणि व्हॉल्व्ह. प्रेशर गेज कॅलिब्रेट करणं, चिलरचा पंप उघडणं, हे आमच्या पट्ट्यातल्या आयटीआयवाल्याचं रोजचं काम! मुळात नोकऱ्या मोजक्या. त्या मोजक्याही ठेकेदार परस्पर भरतो, आणि भूमिपुत्राच्या वाट्याला छत्री, शिट्टी आणि आवक-जावक रजिस्टर. सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगात ८० टक्के स्थानिक घ्यावेत, असा शासनाचाच नियम आहे ना? आयटी धोरणात या इमारतींना वीजशुल्काची माफी आहे, मुद्रांक शुल्काची सूट आहे. ती आमच्या पैशातून आहे. मग कोणत्या कंपनीनं किती स्थानिक घेतले, कोणत्या पदावर, कायम की कंत्राटी, ही यादी आपण जाहीर का करत नाही? गेटवरचे रक्षक ८० टक्क्यांत मोजत असाल तर तसं सांगा, आम्ही टाळ्या परत घेतो.

गाव म्हणून आम्ही काय मागत आलो? १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई-नवघरला गोळ्या खाल्ल्या, पाच माणसं गेली, तेव्हा कुठं १९९० मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला. आम्हा प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील साहेबांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून २०२१ मध्ये पुन्हा रस्त्यावर उतरलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडाली, आणि तिथल्या नोकऱ्यांच्या अर्जांसाठीही पुन्हा तेच मेळावे, तेच टेबल, तीच बाईक. गावठाणाबाहेर पोराबाळांसाठी गरजेपोटी दोन खोल्या वाढवल्या तर आम्ही अनधिकृत. ज्यांनी शेतं दिली त्यांना नोटिसा आणि ज्यांनी कारखाने बंद केले त्यांना वाढीव चटईक्षेत्र.

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता, शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा सरकारी कचेऱ्याच इकडे हलवायच्या होत्या, म्हणजे घर आणि काम एका ठिकाणी. १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको झाली आणि मंत्रालय मात्र जागचं हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवला. आम्हाला बेलापूरला कोकण भवन हे विभागीय कार्यालय मिळालं. सरकार तिकडे राहिलं, भूमिपूजनं इकडे येतात. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेत ११ लाखांवर माणसं होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. लोकसंख्या माहीत नाही, पण डेटा सेंटरचे मेगावॅट किती हे आपण भाषणात पाठ म्हणून दाखवता.

तेव्हा ती ८० टक्क्यांची यादी काढा. सुरक्षा एजन्सींना दिलेली सूट तपासा, पावत्या मी स्वतः आणून देतो. आणि डेटा सेंटरच्या परवानगीतच आयटीआयच्या अप्रेंटिसची संख्या लिहा, ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका. हे होणार नसेल तर पुढच्या मेळाव्याला मंडपात खुर्च्या कमी मांडायला सांगा. रबाळे, गोठिवली, घणसोलीची पोरं कमानीखालून जाणार नाहीत, एवढं मी घरोघरी फिरून बघणार आहे.

आपला,
रबाळ्याचा एक प्रकल्पग्रस्त, माजी कायम कामगार