ताई, ती बाटली टाकू नकोस

पॅरिस

प्रिय ताई,

तुझा मेसेज वाचला. कपाटात सापडलेल्या सॅमसारा परफ्यूमच्या जुन्या बाटलीला नेलपॉलिशसारखा वास येतोय, टाकून देऊ का, असं विचारलंयस. अजिबात टाकू नकोस. रंग गडद झाला असेल तरी घाबरू नकोस. जुन्या परफ्यूममध्ये आधी बिघडतात ते वरचे, पटकन उडणारे घटक, म्हणजे बर्गमॉट आणि तशीच लिंबूवर्गीय तेलं. ती नाकाला झोंबतात आणि आपल्याला वाटतं, सगळंच गेलं. चंदन तळाशी असतं. त्याच्या तेलातलं सँटॉलॉल जड असतं, सावकाश उडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

म्हणून एक कर. मनगटावर एकच फवारा मार, चोळू नकोस आणि कामाला लाग. पंधरा-वीस मिनिटं हात नाकाजवळ नेऊच नकोस. मग हुंग. आधी चमेली येईल, भरघोस. तिच्याखालून हळूहळू चंदन वर येतं: मऊ, सायीसारखं, किंचित आंबूस आणि मग उबदार. सारखं हुंगत बसलीस तर नाक थकतं आणि वास गेला असं वाटतं. थोडा वेळ जाऊ दे, तो परत सापडतो. मला सगळ्यात आवडतो तो तीन-चार तासांनंतरचा वास, जेव्हा फुलं जवळपास संपलेली असतात आणि चंदन मात्र कातडीला धरून असतं.

सॅमसारा झाँ-पॉल गेर्लँ या फ्रेंच परफ्यूमकारानं 1989 साली बाजारात आणलं. चमेली आणि चंदन, एवढ्या दोघांवर ते उभं आहे. त्यात म्हैसूरचं खरं तेल होतं आणि जोडीला पोलिसँटॉल हा प्रयोगशाळेतला रेणू. तो चंदनाचा आवाज वाढवतो, पण त्याची साय खऱ्या तेलातूनच येते, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीचं बघायचं तर शनेलचं ब्वा देझील, 1926 चं, अर्नेस्ट बो यांचं. त्यात चंदन मिरवत नाही. इलांग-इलांग या फुलाच्या वासाच्या कडा गोल करतं, फुलांना धरून ठेवतं. जुन्या परफ्यूममध्ये चंदन बहुतेक वेळा असंच पडद्याआडून काम करायचं, त्यामुळे नुसता चंदनाचा वास शोधायला गेलं की ते हुकतं.

आता तसं का बनत नाही? झाडच तसं उरलं नाही. चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं लावून पोसलं जातं, तेल साठतं ते गाभ्यात आणि चांगला गाभा भरायला काही दशकं जातात. म्हैसूर संस्थानात सरकारी तेल कारखाना 1916 मध्ये सुरू झाला आणि तिथलं तेल जगभर गेलं. पुढे बेसुमार तोड, चोरटा व्यापार आणि चंदनाला होणारा स्पाइक रोग यांनी जंगलं रिकामी केली. 1998 मध्ये ही जात धोक्यात असल्याची आंतरराष्ट्रीय नोंद झाली. आज ऑस्ट्रेलियात लागवडीचं चंदन होतं, ते चांगलंही असतं, पण झाडं तुलनेनं कोवळी. बाकी काम जावानॉलसारखे प्रयोगशाळेतले रेणू करतात. ते तीव्र असतात, लांबवर पोचतात, तरी एकाच सुरात वाजत राहतात. बाटलीवरचं नाव तेच राहतं आणि आतलं सूत्र मात्र बदलत जातं, हे मला मनापासून खटकतं.

इथे व्हर्सायमध्ये ऑस्मोतेक नावाचं परफ्यूमचं संग्रहालय आहे. जुनी सूत्रं तिथे अंधारात, 12 अंशांवर, आर्गॉन वायूखाली जपतात. कागदाच्या पट्टीवर हुंगायला देतात तेव्हा गप्पा आपोआप थांबतात. तू आलीस की पहिली तिथेच नेईन.

तोवर तुझी बाटली उजेडापासून आणि न्हाणीघराच्या वाफेपासून लांब ठेव. कपाटच उत्तम, उभी ठेव, बूच घट्ट लाव. बाबांच्या मनगटालाही लावून बघ, प्रत्येकाच्या कातडीवर चंदन थोडं वेगळं उमटतं. आणि चौथ्या तासाला काय वास आला ते सविस्तर लिही, 'छान होता' एवढ्यावर सोडू नकोस.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी