बायोलॉजीची रिव्हिजन, हुरडा आणि कोरा कागद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बारावीच्या पोरांसाठी बायोलॉजीच्या टिप्स आल्या होत्या, त्यात पुस्तकाची ओळ न् ओळ दहा वेळा वाचा, महत्त्वाचं हायलाइट करा असं होतं, ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी अंबाजोगाईकडच्या एका गावात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, 21 वर्षं झाली. दहा वेळा वाचणारी पोरं मी दरवर्षी बघते आणि त्यातली निम्मी पेपरात कुठं अडकतात तेही बघते.

आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं पुस्तक परवा हातात घेतलं तर हळद लागलेल्या नवरीसारखं पिवळंधम्मक. एक ओळ रिकामी नाही. सगळंच महत्त्वाचं असेल तर मग रंग कशाला लावायचा, पण असो. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, भ्रूणकोश काढ, म्हणजे फुलाच्या बीजांडातली ती पिशवी जिच्यात अंडपेशी असते. 'सेव्हन सेल्ड, एट न्यूक्लिएट' हे तिनं मी विचारायच्या आधीच धडाधड म्हणून दाखवलं, आणि कागदावर काढल्या आठ पेशी. आठ न्यूक्लियस (केंद्रकं) म्हणजे आठ पेशी असं तिनं धरून टाकलेलं. खरं तर वर तीन अँटिपोडल पेशी, खाली एग सेल (अंडपेशी) आणि तिच्या दोन बाजूंना दोन सिनर्जिड पेशी ह्या सहा झाल्या, आणि मधली एकच मोठी पेशी जिच्यात दोन पोलर न्यूक्लियस एकत्र राहतात, म्हणून पेशी सात आणि केंद्रकं आठ. ही गोष्ट तिनं बहुतेक वीस वेळा वाचली असेल हो, पण हातानं एकदाही काढली नव्हती.

आणि हे एकदा हुकलं की पुढचं डबल फर्टिलायझेशन, म्हणजे दुहेरी फलन, पण हुकतं. ते शिकवायला मी आता फळ्यावर फार वेळ घालवत नाही, डिसेंबर-जानेवारीत पोरांना हुरड्याला नेते. म्हणजे नेते कसली, त्यांचीच शेतं आहेत, तीच मला नेतात. यंदा एका पोराच्या मळ्यात गेलो, आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायला टाकलेली, बाजूला दही-चटणी-गूळ. काही कणसं अजून चिकातच होती, त्यातला एकेक दाणा प्रत्येकाच्या हातावर दिला आणि नखानं दाबायला लावला, पांढरं दूध आलं. त्याची आजी शेजारी कणसं चोळत बसलेली, ती म्हणाली, "बाई, ह्या दुधात काय हाय एवढं बघायसारखं?" मी म्हटलं आजी, तेच तर ह्यांना कळत नाही.

ज्वारीच्या साध्या पेशीत 20 गुणसूत्रं. परागनळीतून दोन नरयुग्मकं (नर पेशी) येतात, प्रत्येकात 10. एक जातं एग सेलकडे, 10 आणि 10 मिळून 20, तो झाला दाण्याच्या बुडाशी असलेला कोंब. दुसरं जातं त्या मधल्या मोठ्या पेशीकडे, तिथं आधीच दोन केंद्रकं 10-10 ची बसलेली, त्यात हे 10, म्हणजे 30. ते वाढून जे होतं ते हे दूध, एंडोस्पर्म, म्हणजे गर्भासाठीचं अन्न, ह्यालाच पुस्तकात ट्रिपलॉइड (गुणसूत्रांचे तीन संच असलेलं) म्हणतात आणि आपण हुरडा म्हणतो. मग एका पोरानं विचारलं, मॅडम तुरीत पण असंच का? तर नाही ना! तुरीत पण एंडोस्पर्म तयार होतं, पण वाढणारा गर्भ ते खाऊन टाकतो आणि साठा ठेवतो बीजपत्रात, डाळ म्हणजे ती दोन बीजपत्रं. म्हणजे ताटातली भाकरी बहुतेक सगळी एंडोस्पर्मची आणि वरण बीजपत्रांचं. हे सांगितल्यावर पोरं हसली, पण त्यातल्या कुणालाही मी आज रात्री बारा वाजता उठवून विचारलं तरी सांगेल. (आजीनं तेवढ्यात चोळलेला हुरडा पुढं केला, मग शिकवणं बंद.)

आता सगळंच काही शेतात दाखवता येत नाही. हृदयासाठी मी पूर्वी मटणाच्या दुकानातून बोकडाचं काळीज (म्हणजे यकृत) नव्हे, हृदय आणायचे, दुकानदाराला फरक समजावून सांगावा लागायचा. डाव्या निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत बोटानं चेपून बघितली की उजवीपेक्षा केवढी जाड आहे ते कळतं आणि का जाड आहे ते पोरं स्वतःच सांगतात, अख्ख्या अंगाला रक्त ढकलायचंय, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. पण वर्गात माळकरी घरातली पोरं असतात, त्यांना जबरदस्ती करता येत नाही आणि करूही नये. त्यांच्यासाठी मग चित्रच.

अजून एक गोष्ट तुमच्या टिप्समध्ये कुणी लिहीत नाही. आमच्याकडची बहुतेक लेकरं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन, हे पेशी विभागण्याचे दोन प्रकार, त्यांना येतात. अर्धगुणसूत्री ह्या शब्दातच काय होतं ते सांगितलेलं आहे. अकरावीला तेच मायटोसिस आणि मायोसिस होऊन येतं, कानाला सारखंच लागतं, मग पोरं दोन वर्षं त्या दोघांत गोंधळत राहतात आणि त्यांना वाटतं आपल्याला बायोलॉजी जमत नाही. अहो जमतंय, नाव बदललंय फक्त. मी रिव्हिजनच्या वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी आठवी-नववी-दहावीचा मराठी शब्द लिहायला लावते. काही पालकांना हे मागासलेपण वाटतं, एक वडील तर भांडायला आले होते, की तुम्ही पोराला परत मराठीत नेताय.

रिव्हिजन मी घेते ती कोऱ्या कागदावर, ह्यात माझं काही मोठं डोकं नाही. पुस्तक बंद, दहा मिनिटं, नेफ्रॉन (मूत्रपिंडातली रक्त गाळणारी बारीक नळी) काढा. जे आठवतं ते निळ्या पेनानं. मग पुस्तक उघडायचं आणि चुकलेलं, राहिलेलं लाल पेनानं भरायचं. तीन-चार दिवसांनी तेच परत, मग आठवड्यानं परत. पहिल्या कागदावर लालच लाल असतं, पोरं नाराज होतात, काही तर कागद लपवतात, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटत होतं ना. इथंच तर खरी गंमत आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर हाच प्रयोग केला होता, काहींना उतारा परत वाचायला दिला आणि काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते.

एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही. सीईटीला बायोलॉजीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, नीटला 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे आणि चुकलं की एक मार्क कापतात, तिथं सराव लागणारच. पण बोर्डाच्या 70 मार्कांच्या पेपरात एमसीक्यू फक्त 10 मार्कांचे, बाकी लिहायचं असतं, आकृती काढायची असते. आणि ज्याला भ्रूणकोश काढता येतो त्याला त्यावरचा एमसीक्यू पण येतो, उलटं होत नाही हे मी खात्रीनं सांगते.

प्रॅक्टिकलचं तर बोलायलाच नको. 30 मार्क आहेत म्हणून जर्नल पूर्ण असतं, पण ते मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं. आमच्या हजेरीपटावर नाव असलेली कितीतरी पोरं दोन वर्षं शहरातल्या क्लासला असतात आणि आमच्याकडे थेट प्रॅक्टिकल परीक्षेला उगवतात. त्यातल्या एकाला मागे मायक्रोस्कोप दिला तर त्यानं आरशाकडे बघून केस नीट केले, खोटं वाटेल पण खरंय. त्याचा दोष नाही म्हणा, कुणी दाखवलाच नव्हता. आमच्याकडेही सहा मायक्रोस्कोप आहेत त्यातले दोनच धड चालतात, हे पण लिहायला हवं, नाहीतर सगळा दोष दुसऱ्यावर टाकल्यासारखं होईल. पण कांदा तर घरोघरी आहे की. ग्लासात पाणी, वर कांदा, तीन-चार दिवसांत मुळ्या फुटतात, टोक कापायचं, ॲसिटोकार्मिन ह्या लाल रंगात रंगवायचं, स्लाइडवर हळूच चेपायचं. दहा स्लाइड बिघडतात आणि अकराव्या स्लाइडवर एखाद्या पेशीत गुणसूत्रं दोन्हीकडे खेचली जाताना दिसतात. मागच्या वर्षी एका पोरीला ती दिसली तेव्हा ती डोळा काढेचना, मागं लाइन लागलेली, पोरं ओरडतायत, आणि ही म्हणतेय थांबा ना, मला आधी काढून घेऊ द्या.

तर आता मुद्द्याची विनंती. तुमच्या परीक्षा पुरवणीत दर आठवड्याला पन्नास एमसीक्यू आणि खाली उलटी छापलेली उत्तरं असतात. त्यातली थोडी जागा काढून एक आकृती द्या, नावं न लिहिलेली, फक्त बाण. नेफ्रॉन, हृदय, भ्रूणकोश, काहीही. उत्तर त्याच पानावर देऊ नका, दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्या, म्हणजे पोरांना एक रात्र डोकं खाजवावं लागेल. आणि नावं इंग्रजी-मराठी दोन्ही द्या. आकृत्या काढून द्यायला माझ्या वर्गातल्या दोघीतिघी तयार आहेत, हात चांगला आहे त्यांचा, पैसे नकोत म्हणतात, फक्त खाली बारीक अक्षरात गावाचं नाव टाका म्हणाल्या.

आपली वाचक,
एक बायोलॉजी शिक्षिका
ता. अंबाजोगाई, जि. बीड